एंटरप्राइज दर वेळी वेगळं दिसतं, मग त्यात खटकण्यासारखं नेमकं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की २०१७ नंतरच्या स्टार ट्रेक सिरीजमध्ये एंटरप्राइज हे मुख्य अंतराळजहाज, क्लिंगॉन हे परग्रहवासी, ब्रिज म्हणजे जहाजाची नियंत्रण-खोली, युनिफॉर्म यातलं काहीच जुन्याशी धड जुळत नाही, तर याला कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या भागांशी असलेला मेळ, मोडणं म्हणायचं का, आणि एवढा पैसा ओतूनसुद्धा कित्येक फॅन्सना १९९० च्या दशकातलं चित्रच जास्त दमदार का वाटतं. आणि तिसरं, खरं एंटरप्राइज कुठलं मानायचं. मी बरीच वर्षं कंपोझिटिंग आणि कलरच्या कामात आहे, म्हणजे मॉडेल किंवा सीजी (कॉम्प्युटरवर बनवलेलं) जहाज, मागचं आकाश, खिडक्यांचे दिवे, स्फोट असे वेगवेगळे तुकडे एका फ्रेममध्ये असे बसवायचे की जोड दिसू नये, हाच धंदा. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो, आणि ते लांब होणार आहे.

पहिली गोष्ट, या वादात दोन वेगळे प्रश्न कायम एकत्र कालवले जातात. आजचं चित्र कालच्याशी जुळतं का हा एक, आणि आजचं चित्र चांगलं केलंय का हा दुसरा. न जुळणारं पण अप्रतिम काम असू शकतं, १९७९ चा पहिला सिनेमा त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, त्यात जुन्या सिरीजमधलं जवळजवळ काहीच जसंच्या तसं नाही आणि तरी ते जहाज आजही बघत राहावं असं आहे. उलट डिझाइन अगदी तंतोतंत ठेवून शॉट साफ फसलेला आहे असंही होतं. फॅन्सना खटकतं तेव्हा ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नामुळे खटकत असतं आणि भांडण मात्र पहिल्यावर होतं, हे माझं प्रामाणिक मत आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच बाजूने सांगतोय.

आता "पूर्वी सगळं जुळायचं" हे जे गृहीत धरलं जातं ना, त्याकडे बघू. १९६६ च्या सिरीजचं मोठं मॉडेल ११ फुटांहून थोडं जास्त लांब होतं, डिझाइन मॅट जेफरीज यांचं, १९६४ मध्ये रिचर्ड डेटिन आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी बांधलेलं. पहिल्या पायलटच्या, म्हणजे सिरीजआधीच्या चाचणी एपिसोडच्या, वेळी त्यात दिवेच नव्हते, इंजिनांच्या पुढच्या टोकांना सुयांसारखे काटे होते, वरचा ब्रिजचा घुमट उंच होता, खालच्या भागाच्या तोंडाशी असलेली डिफ्लेक्टरची तबकडी मोठी होती. दुसऱ्या पायलटला त्यात बदल झाले, खिडक्या उजळल्या. मग सिरीज सुरू होताना परत बदल, इंजिनांच्या तोंडाशी फिरणारे रंगीत दिवे आले, मागच्या टोकाला गोळे आले, घुमट बसका झाला. आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले शॉट्स पुढच्या एपिसोड्समध्ये वापरले गेले, कारण नवीन शॉट म्हणजे पैसा आणि वेळ, आणि दोन्ही नव्हतं. परिणाम असा की एकाच एपिसोडमध्ये जहाज ग्रहाजवळ येतं तेव्हा एका रूपात असतं, कक्षेत फिरताना दुसऱ्या आणि निघताना तिसऱ्या. तेव्हाच्या टीव्हीवर हे कोणाला दिसलं नाही. वायरिंग डाव्या बाजूने आत घेतलेलं, म्हणून ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायचीच नाही असा नियम, म्हणून जहाज बहुतेक वेळा एकाच बाजूने दिसतं. हे मॉडेल १९७४ मध्ये स्मिथसोनियनला दिलं गेलं आणि नव्याने दुरुस्त करून २०१६ पासून वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये ठेवलंय, जमलं तर त्याचे क्लोजअप फोटो जरूर बघा, किती साधी वस्तू आहे ते कळतं.

त्यात भर म्हणजे एका कंपनीला तेवढं इफेक्ट्सचं काम वेळेत झेपेना म्हणून ते चार ठिकाणी वाटलं गेलं. त्या काळात दोन फिल्म्स एकत्र करायच्या म्हणजे ऑप्टिकल प्रिंटरवर फिल्मचीच परत फिल्म घ्यायची, दर वेळी ग्रेन वाढणार, रंग सरकणार, आणि प्रत्येक ठिकाणचा हात वेगळा. म्हणून जहाज कधी निळसर, कधी हिरवट, कधी पांढरंफेक. मूळ रंग फिकट राखाडी होता. आता सांगा, यातलं कुठलं "कॅनन", म्हणजे अधिकृत?

नेक्स्ट जनरेशन या पुढच्या सिरीजमधल्या एंटरप्राइज-डी या जहाजाचीही हीच कथा. १९८७ मध्ये आयएलएम या इफेक्ट्स कंपनीने ६ फुटी मॉडेल बनवलं, ते वजनदार आणि शूटिंगला फार त्रासाचं, म्हणून तिसऱ्या सीझनसाठी ग्रेग जाइन यांच्याकडून ४ फुटी करून घेतलं. लहान मॉडेलवर पॅनेल दिसावीत म्हणून त्याच्या पृष्ठभागावर उंचसखल काम आहे, ६ फुटीवर ते जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त रंगातून दाखवलेलं. टेन फॉरवर्ड या जहाजावरच्या बैठकीच्या जागेच्या खिडक्या लहान मॉडेलवर आहेत, मोठ्यावर तेव्हा नव्हत्या. आणि पहिल्या एपिसोडसाठी आयएलएमने घेतलेले शॉट्स सातही वर्षं वापरले गेले, त्यामुळे एकाच एपिसोडमध्ये दोन्ही जहाजं. सीआरटीवर, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर, हे सगळं विरघळून जायचं. ब्लूरे आल्यावर लोकांना दिसायला लागलं, आणि मग "अरे हे तर वेगळंय" सुरू झालं.

रंगाचं एक उदाहरण मला फार आवडतं कारण ते थेट माझ्या कामातलं आहे. मूळ सिरीजचा कॅप्टन कर्क, त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा? शंभरातले जवळजवळ सगळे म्हणतील सोनेरी. तो कापडाचा रंग म्हणून हिरवट होता, लिंबाच्या सालीसारखा. वेलूरचं, म्हणजे मखमलीसारखं, कापड, त्यावर स्टुडिओचे प्रखर दिवे, तेव्हाची फिल्म, या सगळ्यात ते पिवळं-सोनेरी उतरायचं. वेगळ्या कापडाचा तो पुढून गुंडाळल्यासारखा अंगरखा आणि समारंभाचा पोशाख मात्र पडद्यावर हिरवाच दिसतो, कारण त्या कापडावर प्रकाश तसा खेळत नाही. तिसऱ्या सीझनला वेलूर आटतं म्हणून कापडच बदललं. आणि गंमत बघा, कर्कच्या काळाकडे परत गेलेल्या नंतरच्या सिनेमांनी आणि स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्ससारख्या सिरीजनी सोनेरी हाच कमांडचा, म्हणजे कॅप्टन वगैरेंचा, रंग धरला. म्हणजे केमिकल आणि दिव्यांनी जो अपघात केला तोच पुढे परंपरा झाला, आणि त्यात काही वाईट नाही, प्रेक्षकाने जे पाहिलं तेच खरं. फक्त मग "मूळ डिझाइनशी इमान" हा मुद्दा जरा जपून वापरायला हवा, कारण मूळ डिझाइन आणि मूळ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लिंगॉनबद्दल सगळेच बोलतात म्हणून पटकन. १९६७ मध्ये काळपट मेकअप, दाढीमिशा, बस. १९७९ मध्ये सिनेमाचं बजेट आलं, साडेचार कोटी डॉलर्सच्या आसपास, आणि कपाळावर हाडांच्या कडा आल्या. १९९६ मध्ये डीप स्पेस नाइन या सिरीजने जुन्या एपिसोडमध्ये आपली माणसं घुसवली तेव्हा वॉर्फ या त्यांच्यातल्या क्लिंगॉनला विचारलं की हे असे का दिसतात, तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी याची चर्चा करत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर झालं नाही. २००५ मध्ये एंटरप्राइज नावाच्याच सिरीजने दोन एपिसोड खर्चून विषाणूचं कारण दिलं, कथा म्हणून बरी आहे, पण त्यातून एक वाईट सवय लागली की प्रत्येक मेकअप बदलाला कथेत पावती पाहिजे. ट्रिल या दुसऱ्या परग्रहवासी लोकांचं बघा ना, १९९१ मध्ये कपाळावर उंचवटे, १९९३ मध्ये डीप स्पेस नाइनमध्ये जॅड्झिया डॅक्स ही ट्रिल आली तर कपाळ साफ आणि दोन्ही बाजूंनी ठिपके. कथेत एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही आणि आज त्याबद्दल कोणी तावातावाने बोलत नाही. का? कारण ठिपके चांगले दिसतात, अभिनेत्रीचा चेहरा मोकळा राहतो, भाव दिसतात. २०१७ च्या डिस्कव्हरी या सिरीजमधल्या क्लिंगॉनना जो विरोध झाला तो माझ्या मते "बदलले" म्हणून कमी आणि जाड प्रोस्थेटिक्समुळे (चेहऱ्यावर चिकटवलेल्या रबरी भागांमुळे) नटांचे चेहरे हलत नव्हते, बोलणं तोंडात अडकत होतं म्हणून जास्त झाला. २०१९ च्या दुसऱ्या सीझनला केस आणले, चेहरा हलका केला, तेव्हा विरोधाची धार बरीच कमी झाली. म्हणजे खटकलं ते कामाच्या दर्जामुळे, नाव मात्र कंटिन्युइटीचं.

मग कंटिन्युइटीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि मी ती फार मानतो, पण ती कशात शोधायची यावर माझं म्हणणं ठाम आहे. खुर्चीचा रंग, बटणं, पॅनेल यात नाही. वस्तू काय करू शकते, माणसं कुठे बसतात, एखादी गोष्ट केवढी मोठी आहे यात आहे. डिस्कव्हरीच्या पहिल्या सीझनमध्ये लोक होलोग्राममधून समोरासमोर बोलतात, आणि दहा वर्षांनंतरच्या काळात कर्क पडद्यावर बोलतो. हे खरंच खटकण्यासारखं आहे, कारण इथे दिसणं नाही तर जगाचा नियम बदलला. निर्मात्यांनाही ते टोचलं असणार, कारण दुसऱ्या सीझनमध्ये कर्कच्या आधीचा कॅप्टन पाइक ती सिस्टीमच एंटरप्राइजवरून उखडून टाका म्हणतो. याउलट स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स या पाइकच्या एंटरप्राइजवरच्या सिरीजचा ब्रिज बघा. चकाचक आहे, पडदे आहेत, साहित्य सगळं आजचं. पण मधोमध कॅप्टनची खुर्ची, पुढे हेल्म (जहाज चालवणारा) आणि नेव्हिगेशन एका टेबलाला, गोल कठडा, लाल रेलिंग, कठड्याच्या मागे स्टेशन्स. जुन्या सिरीजचा दिग्दर्शक उद्या त्या सेटवर आला तर कोणाला कुठे उभं करायचं हे त्याला विचारावं लागणार नाही. याला मी कंटिन्युइटी म्हणतो.

मापाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. मूळ जहाज २८९ मीटर धरलं जायचं, डिस्कव्हरीतल्या नव्या रूपाचं माप ४४२ मीटरच्या आसपास दिलं गेलं. एवढं वाढलं की खिडक्यांचा आकार, डेकची संख्या, शटलबेचा दरवाजा, सगळ्याचं नातं बदलतं आणि डोळ्याला नकळत ते जाणवतं. तरी एक सांगतो, मापाचा घोळसुद्धा जुनाच आहे, क्लिंगॉनांचं बर्ड ऑफ प्रे हे जहाज शॉटच्या गरजेप्रमाणे कधी लहान कधी दांडगं झालेलं आहे, दोन्ही शॉट शेजारी ठेवले तर थक्क व्हाल.

आता मुद्द्याचं, जुनं चित्र जास्त दमदार का वाटतं. याचं मोठं कारण नॉस्टॅल्जिया नाही. कारण कॅमेरा आहे.

मॉडेलचं शूटिंग कसं व्हायचं ते समजून घ्या. मॉडेल ४ फूट, कॅमेरा त्याच्यापासून कधीकधी काही इंचांवर. एवढ्या जवळून शूट केलं तर जहाजाचं नाक फोकसमध्ये आणि शेपूट धूसर, आणि ती धूसरता दिसली की डोळा लगेच सांगतो की वस्तू लहान आहे. ते टाळायला लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं, छिद्र बारीक केलं की प्रकाश कमी, मग एकेक फ्रेमला सेकंद सेकंद एक्स्पोजर. म्हणून मोशन कंट्रोल, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला कॅमेरा, रुळावरून अत्यंत सावकाश सरकणार आणि तीच चाल हुबेहूब परत परत करणार. एकदा मुख्य दिव्यात जहाज, मग बाहेरचे दिवे बंद करून फक्त खिडक्या आणि इंजिनं, मग नुसती काळीपांढरी आकृती काढायला वेगळी फेरी, आणि हे सगळं नंतर आमच्यासारखे लोक एकत्र करणार. शटर उघडं असताना कॅमेरा हलतोय म्हणून मोशन ब्लर खरा. रुळाची लांबी मर्यादित म्हणून कॅमेऱ्याची चाल मर्यादित. या सगळ्या अडचणींचा एकत्रित परिणाम असा की कॅमेरा नेहमी जहाजापुढे लहान असल्यासारखा वागतो. जहाज डोक्यावरून जातं, संपता संपत नाही. वजन तिथून येतं.

सीजीमध्ये कॅमेऱ्याला ना रूळ ना छत. तो जहाजाभोवती माशीसारखा गिरक्या घालू शकतो, खिडकीतून आत जाऊ शकतो, स्फोटातून आरपार निघू शकतो. आणि जे करता येतं ते केलं जातं. पण अडीचशे मीटरच्या वस्तूभोवती दोन सेकंदांत गिरकी मारणारा कॅमेरा केवढ्या वेगाने जात असेल याचा हिशोब डोळा आपोआप करतो आणि ठरवतो की वस्तू हातात मावेल एवढी आहे. त्यात वर सुंदर दिसावं म्हणून धूसर बॅकग्राउंड टाकतात, म्हणजे मॉडेलवाल्यांनी जी धूसरता घालवायला जीव टाकला तीच सीजीत आपण हौसेने परत आणतो आणि प्रचंड जहाजाचं खेळणं करून टाकतो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते टाळायला एक रुपयाही जास्त लागत नाही, फक्त कॅमेरा कुठे ठेवला असता हा प्रश्न विचारावा लागतो. चांगले सुपरवायझर विचारतात. स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्समध्ये जिथे जहाज संथ जातं आणि कॅमेरा एका जागी राहून फक्त मान वळवतो ते शॉट्स बघा, डिझाइन तेच, सॉफ्टवेअर तेच, पण वजन आहे.

प्रकाशाचंही तसंच. १९७९ च्या सिनेमात डग्लस ट्रम्बल यांच्या टीमने विचार केला की खोल अंतराळात जहाजावर प्रकाश पडणार कुठून, तर मग जहाजानेच स्वतःला उजळावं. मॉडेलवर दातांच्या डॉक्टरकडे असतात तसले छोटे आरसे वापरून बारीक प्रकाशाचे ठिपके पाडले, नावावर, इंजिनांवर, कडांवर. त्या ठिपक्यांमुळे बाकीचं जहाज अंधारात असूनही आकार कळतो. रंग मोत्यासारखा चमकणारा होता, प्रत्येक पॅनेल वेगळ्या कोनातून वेगळं चमकायचं. १९८२ च्या दुसऱ्या सिनेमाला आयएलएमकडे तेच मॉडेल आलं, बजेट एक कोटी वीस लाखांच्या आसपास, निळ्या पडद्यापुढे ती चमक त्रास देते, निळा रंग जहाजावर परावर्तित होतो आणि मॅट, म्हणजे ती काळीपांढरी आकृती, फुटते, म्हणून चमक मारून टाकली. म्हणजे मॉडेल एकच, सिनेमे लागोपाठचे, आणि जहाज वेगळं दिसतं. त्याला कोणी कंटिन्युइटी तोडली म्हणत नाही, कारण दोन्हीकडे काम जीव ओतून केलेलं आहे.

अंधाराची तक्रार आता. हल्लीच्या सिरीज इतक्या काळ्या का, पिकार्ड या सिरीजच्या तिसऱ्या सीझनमध्ये ब्रिजवर माणसं दिसतच नाहीत, ही तक्रार बरीच बरोबर आहे. कारणं दोन-तीन आहेत. एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचं, ग्रेडिंग (रंग आणि उजेड ठरवणं) आम्ही अंधाऱ्या खोलीत, महागड्या मॉनिटरवर करतो, तिथे सावलीतलं सगळं दिसतं. तेच घरी दिवे लावून किंवा फोनवर बघितलं की खालचा भाग सगळा काळा. शिवाय अंधार सोयीचा असतो, सेटचा अर्धवट कोपरा झाकतो, एलईडी भिंतीसमोर शूट केलं असेल तर भिंतीवर सांडणारा प्रकाश टाळायला सेटवरचे दिवे आधीच कमी ठेवावे लागतात, सीजीतल्या उणिवा लपतात. पण अंधार म्हणजे आपोआप वाईट असंही नाही. १९९४ च्या जनरेशन्स या सिनेमात एंटरप्राइज-डीचा टीव्हीवरचा उजळ, बेज, गालिच्यांचा सेट घेऊन तो सिनेमासाठी बराच काळोखा केला, पण तिथे प्रकाश कुठून येतोय हे कळतं, बाहेरच्या ताऱ्याचं तांबूस ऊन खोलीत आडवं पडलेलं आहे. अंधाराला कारण असलं की डोळा तक्रार करत नाही. नुसतं मूड म्हणून सगळं खाली ओढलं की करतो.

आणि वेळ. बाहेरच्यांना वाटतं क्वालिटी म्हणजे पैसा, आत काम करणाऱ्याला माहीत असतं की क्वालिटी म्हणजे शेवटच्या बदलापासून डिलिव्हरीपर्यंत उरलेला वेळ. पिकार्डच्या पहिल्या सीझनच्या शेवटी २०२० मध्ये स्टारफ्लीटचं प्रचंड आरमार येतं आणि सगळी जहाजं एकसारखी, कॉपी-पेस्ट केल्यासारखी. फॅन्स चिडले, त्यांचं बरोबर होतं. त्या विशिष्ट शॉटच्या आत काय घडलं हे मी सांगणार नाही, पण एकच मॉडेल शंभर वेळा ठेवणं आणि आठ-दहा प्रकारची जहाजं ठेवणं यात जो फरक आहे तो सगळा वेळेचा असतो, प्रत्येक जहाजाला टेक्श्चर, लाइट, रिव्ह्यू लागतो. त्यामानाने १९९७ मध्ये डीप स्पेस नाइनने "सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स"मध्ये जी लढाई दाखवली ती बघा, कॉम्प्युटर किती कमकुवत होते तेव्हाचे, तरी त्यात वेगवेगळी जहाजं आहेत, कोण कुठून येतंय हे कळतं. आणि जुन्यांनाही सूट नको, १९९४ च्या त्याच जनरेशन्समध्ये क्लिंगॉन जहाजाचा स्फोट १९९१ च्या सहाव्या सिनेमातून सरळ उचललेला आहे. मोठ्या पडद्यावर.

यावर एक प्रतिवाद हमखास येतो, की स्टार वॉर्सने २०१६ च्या रोग वनमध्ये १९७७ चं डिझाइन जसंच्या तसं वापरून दाखवलं, मग ट्रेकला काय झालं? मुद्दा वजनदार आहे. पण १९७७ ची ती मॉडेल्स विकतच्या खेळण्यांच्या किट्समधले हजारो बारीक भाग चिकटवून, मळवून, घासून केलेली होती, जवळ गेलं तरी तपशील संपत नाही. ट्रेकचा १९६६ चा ब्रिज प्लायवूड आणि रंगीत बल्बचा, जवळ गेलं की संपतो. तरीही "होऊच शकत नाही" हे मला मान्य नाही, कारण झालेलं आहे. १९९२ मध्ये नेक्स्ट जनरेशनच्या ज्या एपिसोडमध्ये मूळ सिरीजचा इंजिनियर स्कॉटी परत येतो, त्यात जुन्या ब्रिजचा एक भाग बांधला. १९९६ च्या त्या डीप स्पेस नाइनच्या एपिसोडमध्ये लाइट, लेन्स, फिल्म सगळं जुन्या फुटेजशी असं जुळवलं की जोड शोधावा लागतो. २००५ मध्ये एंटरप्राइज सिरीजने तो ब्रिज परत उभा केला आणि तिथे प्रकाश थोडा कॉन्ट्रास्टी ठेवला, बल्ब चमकले, कोपरे सावलीत गेले, आणि चक्क रुबाबदार दिसला. म्हणून माझं मत असं की बाहेरचं जहाज जवळजवळ जसंच्या तसं आजही चालेल, प्रमाण इतकं सुंदर आहे, आणि आतला सेट मात्र आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या सिरीजसाठी नव्याने करावाच लागेल, कारण नटांना हात लावायला, कॅमेऱ्याला जवळ जायला काहीतरी खरं पाहिजे.

पिकार्डच्या तिसऱ्या सीझनने २०२३ मध्ये एंटरप्राइज-डीचा ब्रिज परत बांधला तो या बाबतीत धडा आहे. गालिचा बाजारात मिळेना म्हणून खास बनवून घेतला. कन्सोलवरचे ग्राफिक्स ज्यांनी मुळात केले त्या मायकल ओकुडा यांची मदत घेतली. ते ग्राफिक्स १९८७ मध्ये मॉनिटर परवडत नव्हते म्हणून रंगीत फिल्म आणि मागून दिवा असे केलेले होते, आणि तेच आज भविष्याचं चिन्ह होऊन बसलेत. त्या सेटवर दिवे लागतात तो शॉट ज्यांनी पाहिला त्यांचे डोळे भरून आले, माझेही. आणि तुम्ही नीट ऐकलं असेल तर त्यात अर्धं काम आवाजाचं आहे, इंजिनांची ती खालच्या पट्टीतली घरघर, कन्सोलची टिकटिक. दरवाजाचा आवाज, ट्रान्सपोर्टरचा आवाज, रेड अलर्ट. डिझाइन बदललं तरी हे आवाज जवळपास टिकले आहेत, आणि पुष्कळ लोक जेव्हा "हे ट्रेकसारखं वाटतंय" म्हणतात तेव्हा त्यांचे कान बोलत असतात.

राहिला "खरं एंटरप्राइज कुठलं" हा प्रश्न. ज्या एपिसोडची गोष्ट बघताय त्यात जे आहे ते, एवढंच. ११ फुटी मॉडेलच्या तीन रूपांतलं एक निवडायला कोणी भाग पाडलं नाही, तर २०१९ च्या रूपालाही तीच सवलत मिळू दे.

एक व्यावहारिक गोष्ट, कारण तुलनेचे फोटो टाकून वाद घालणाऱ्यांकडून इथे सतत गफलत होते. तुम्ही जुनं म्हणून जे बघताय ती प्रत कुठली आहे ते आधी तपासा. मूळ सिरीजचे २००६ ते २००८ मध्ये इफेक्ट्स नव्याने सीजीत केले गेले, स्ट्रीमिंगवर बहुधा तीच प्रत असते, म्हणजे "जुनं जहाज किती छान" म्हणून टाकलेला फोटो कित्येकदा २००६ चा निघतो. नेक्स्ट जनरेशनचं शूटिंग ३५ एमएमवर पण एडिटिंग आणि इफेक्ट्सची जोडणी टीव्हीच्या ४८० ओळींच्या टेपवर झालेली, म्हणून २०१२ ते २०१४ मध्ये मूळ निगेटिव्ह शोधून, परत स्कॅन करून, १७८ भाग नव्याने कापून जोडावे लागले, जहाजाच्या त्या वेगवेगळ्या फेऱ्यासुद्धा नव्याने एकत्र केल्या. चौकट त्यांनी ४:३ च ठेवली, कारण बाजूला फ्रेम वाढवली तर लाइटचे स्टँड दिसतात. डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजर या १९९० च्या दशकातल्या सिरीजचं हे झालेलं नाही, कारण त्यात पुढे पुढे सीजी वाढत गेलं आणि ते टीव्हीच्याच रेझोल्यूशनला रेंडर केलेलं, निगेटिव्ह स्कॅन करून ते मिळणार नाही, पुन्हा रेंडरच करावं लागेल. म्हणून आजच्या ४के टीव्हीवर व्हॉयेजर मऊ आणि मळकट दिसतं आणि त्याच्या आधीचं नेक्स्ट जनरेशन लख्ख दिसतं, आणि लोक समजतात व्हॉयेजरचं कामच वाईट होतं. १९७९ च्या सिनेमाचंही तेच झालं होतं, २००१ च्या डायरेक्टर्स एडिशनचे नवे शॉट्स डीव्हीडीच्या रेझोल्यूशनला केलेले, मग २०२२ च्या ४के प्रतीसाठी ते सगळे परत करावे लागले.

तेव्हा तुलना करायचीच असेल तर मूळ सिरीजची ब्लूरे घ्या, त्यात एकाच एपिसोडमध्ये जुने आणि नवे दोन्ही इफेक्ट्स आहेत आणि बटणाने अदलाबदल करता येते. एखादा शॉट आधी जुना, मग नवा लावा, आणि डिझाइनकडे न बघता फक्त कॅमेरा किती सरकतो आणि प्रकाश कुठून येतो एवढंच बघा. मग २०१७ नंतरचा तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेला शॉट काढून तेच बघा, आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.